येसाजीमामाची चौकशी

मैनाबाईंना येसाजीमामा आठवतो तो पांढऱ्याशुभ्र टोपीतला. गिरणीत जाताना तो टोपी कशीही डोक्यावर ठेवी. कॉलेजात चौकशीला जायचं असलं की मात्र धुतलेली, उशीखाली दाबून घडी बसवलेलीच लागे.

१९६२ साली मैना महाडच्या शाळेतून मॅट्रिक झाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीतली ती पहिलीच मुलगी. घरी नाचणी-वरीची शेती. पुढचं शिक्षण झेपण्यासारखं नव्हतं. "फी माफ करणारं कॉलेज असंल कुठंतरी. मी हुडकतो," असं मामाने मुंबईहून कळवलं आणि गिरणीतली पाळी सुटली की तो कॉलेजांचे जिने चढू लागला.

एका ठिकाणी फीमाफी होती, पण राहायची सोय नव्हती. दुसरीकडे वसतिगृह होतं, ते मुलांचं. तिसऱ्या कॉलेजात एका प्राध्यापक बाईंनी त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलीला काय शिकायचंय?"

हे मामाने मैनालाच विचारलं नव्हतं.

रजा टाकून तो गावी आला. ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "मैने, तुला काय शिकायचंय गो?"

"गणित."

"पोरीनं गणित शिकून काय करायचं?" चुलीपासून तिची आई रखमा म्हणाली.

"ते तिचं ती बघंल. आपलं काम इचारायचं."

या खेपेला मैना त्याच्यासोबत मुंबईला गेली. बाईंसमोर तिच्या तोंडून शब्द फुटेना. मामा खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी तीच बोलली.

"फी माफ होईल," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं देण्याचं काम केलंस, तर वसतिगृहातल्या जेवणाचंही बघू."

मामा उठला, दारात थबकला. "बाई, आमच्याकडच्या आणखी पोरी आल्या तर?"

"आणा की," बाई हसल्या.

त्याने खरंच आणल्या. पुढच्या जूनमध्ये वरंधची शकू, त्यानंतर आवडी. रविवारी तो तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी येई. आत कधी आला नाही. तिघी कठड्यावर बसून जेवत, वाडीवरच्या गप्पा निघत, आणि मामा बाजूला उभा राहून, भाकरी पुरली का एवढंच विचारी.