वहीत नसलेली भांडणं

"अहो मॅडम, ती करंदीकर बाई माझ्या भावाच्या वहीत लिहितेय? तिनं त्याच्यावर पोलीस कम्प्लेंट केली होती, माहितीये का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. फोन टिळेकरांच्या बहिणीचा होता, नागपूरहून. खुद्द टिळेकर माझ्यासमोर चहा करायचा सराव करत होते. साखर घातली की नाही, या विचारात होते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत, हे आमचं काम. टिळेकर एकोणसाठ वर्षांचे, अविवाहित, कोथरूडला एकटे राहणारे. स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला आणि मागची सहा वर्षं पुसली गेली. अशा पेशंटसाठी आम्ही मेमरी बुक करतो. म्हणजे साधी दोनशे पानी वही. विसरलेल्या काळात काय घडलं ते जवळच्या माणसानं लिहायचं, पेशंटनं रोज वाचायचं. नियम एकच, लिहाल ते खरं लिहा.

वही लिहीत होत्या वरच्या मजल्यावरच्या शुभदा करंदीकर. शेजारीण, रोज सोबत येते, अक्षर सुंदर. मी जास्त चौकशी केली नाही. वीस वर्षांचा अनुभव आणि ही अक्कल.

त्यात त्या दोघांचा मामला पुढे गेला होता. मागच्याच आठवड्यात टिळेकरांनी विचारलं होतं, "मॅडम, या वयात लग्न केलं तर मेंदूवर ताण नाही ना येणार?"

"तुमचा मेंदू सोसेल," मी म्हणाले होते आणि मनातून खूश झाले होते.

दोन दिवस मला चैन पडेना. एका पेशंटच्या डाव्या हाताचा व्यायाम मी उजव्या हाताला दिला. गप्प बसावं तर मी लपवाछपवीत सामील. सांगावं तर त्या माणसाचं एवढ्या उशिरा जुळलेलं मोडणार. शेवटी आमच्या सेंटरच्या प्रमुख सरांकडे गेले.

"वही कोणाची?" सरांनी विचारलं.

"पेशंटची."

"मग मला काय विचारताय?"

मी करंदीकर बाईंना एकट्यांना बोलावलं. त्या काहीही आढेवेढे न घेता बोलल्या.

"मी घरी भरतनाट्यमचा क्लास घ्यायचे. त्यांच्या डोक्यावर सगळी धपधप. त्यांनी अर्जावर अर्ज करून क्लास बंद पाडला. मग मी पोलिसांत लिहून दिलं, हे मुलींना धमकावतात म्हणून. त्यांना सोसायटीचं चेअरमनपद सोडावं लागलं."

"धमकावत होते?"

"नाही." त्यांनी सरळ सांगून टाकलं. "अपघातानंतर जिन्यात भेटले तर म्हणाले, नमस्कार, नवीन राहायला आलात का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. मला ते घालवायचं नव्हतं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. "लिहा," मी म्हणाले. "त्या 'नाही'सकट."

माझ्याच टेबलावर बसून त्यांनी चार पानं लिहिली. सुंदर अक्षर पार बिघडलं होतं.

पुढची दोन सेशन टिळेकर आले नाहीत. फोनही उचलेनात. तिसऱ्या वेळी एकटेच आले आणि वही टेबलावर आपटली.

"ते जुनं भांडण मला आठवतच नाही, त्याचा राग कसा येणार? पण चार महिने समोर बसून त्यांनी लपवलं, ते आठवतंय. गेल्या बुधवारी वर जाऊन तासभर भांडलो. त्याही भांडल्या. माझे जुने अर्ज काढून वाचून दाखवले. काय भयंकर लिहायचो हो मी."

"मग?"

"मी म्हणालो, कम्प्लेंट खोटी होती हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा. रविवारी सांगितलं त्यांनी. सगळ्यांसमोर. घाम फुटला होता बिचारीला." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग मी हात वर केला आणि म्हणालो, क्लास मी बंद पाडला, तो मीच सुरू करून देणार."

बुधवारी कोण काय बोललं, ते त्यांनी मला ओळीनं सांगितलं. वही उघडलीही नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, नवीन आठवणी उत्तम राहतात.

दोन महिन्यांनी त्यांचं रजिस्टर लग्न झालं. बहीण नागपूरहून आली आणि पूर्ण वेळ तोंड वाकडं करून बसली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

ती सहा वर्षं परत आलेली नाहीत. मी मात्र आता पहिल्याच दिवशी नातेवाइकांना विचारते, यांचं कोणाशी पटत नाही? लोक आधी बिचकतात, मग थांबत नाहीत. त्या न पटणाऱ्यांपैकी कोणी भेटायला आलं तर मी अडवत नाही. फक्त वहीचं पेन माझ्या हातात ठेवते.