पाऊण तासाची झोप

सकाळच्या केज गाडीत ती कॉलेजची पोरगी रोज माझ्या शेजारी बसायची. आधी डबा उघडून चटणी-भाकरी सावकाश खायची, मग मांडीवरच्या दप्तरावर डोकं टेकून झोपायची. केज आलं की मी उठवायचो. नाव कधी विचारलं नाही.

एकदा म्हणालो, "घरूनच जेवून कावून येत न्हाईस?"

"आई-बापू ऊसतोडीला गेलेत, काका. पहाटं उठून धाकट्या दोघांचं करते. घरी जेवले की तिथंच डोळा लागतो, अन् गाडी हुकती."

परवा माझाच डोळा लागला. तिनं खांदा हलवला. "काका, केज आलं."

मी झोपलो म्हणून ती वाटभर जागी राहिली होती. मी तर रात्री आठ तास झोपून आलो होतो.