निळ्या ठिपक्याची पिलं

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवणारी बाई मी एकच पाहिली. जमना मॅडम. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "घर त्यांचं आहे, मावशी. दचकले की दिवसभर नीट खात नाहीत."

लोणखेड्याच्या एका कॉलेजात मी पिंजरे झाडायला होते. ती डोंगरातली, घरी पावरी बोलणारी. माझी अहिराणी तिला कळायची, उत्तर मात्र पुस्तकी मराठीत यायचं. शाळेतल्या नोकरीतून रजा घेऊन ती संशोधनाला आली होती. उंदरांना नाव ठेवू द्यायची नाही. "नाव ठेवलं की सुई टोचताना हात थरथरतो."

एकदा मी विचारलं, हे चाललंय तरी काय? तिने समजावून सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांचा एक भाग ज्या जनुकावरून घडतो, त्याच्या दोन प्रतींपैकी एक काही पिलांत बंद आहे. ती पिलं नीट वाढतात की खुरटतात, ते बघायचं.

"चुल्हाना एक दगड काढा ते तवा कलंडीच," मी म्हटलं. "त्यामा काय देखनं शे?"

"न बघता कसं लिहू, मावशी? कदाचित दोन दगडांवरही टिकेल."

त्या पिलांच्या पाठीवर ती निळा ठिपका लावायची. पहिल्या खेपेची ठिपकेवाली खुरटली. दुसऱ्या खेपेची मला बघवेनात. आमच्या गोठ्यात अशक्त करडू दुसऱ्या शेळीला लावतात. मी तेच केलं. रोज सकाळी शेजारच्या दुभत्या मादीच्या भुशात ती पिलं घोळवायची, म्हणजे तिला परका वास येत नाही, आणि तिच्या अंगाखाली सरकवायची. मॅडम यायच्या आत परत जागेवर. पिलं चांगली भरली.

मॅडम वजनं पुन्हा पुन्हा करू लागली. दोन खेपा जुळेनात. तिचे सर फोनवर म्हणाले, असं असेल तर दोन्हींवर भरवसा नाही. तिसरी खेप घ्यायला रजा उरली नव्हती.

तिने मला समोर बसवून विचारलं, "मावशी, पिलं इकडची तिकडे झाली होती का? झाली असतील तर सांगा. मी तेवढी खेप बाजूला काढेन, पहिलीवर काम पुरं होईल. तुम्हाला कुणी बोलणार नाही."

"नही. मी हात बी लावा नही."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

नोकरी जाईल म्हणून खोटं बोलले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. जनावरातलं तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं मी तिला ऐकवत असायचे. तिच्यापुढे अडाणी ठरायचं नव्हतं.

काम तिथेच राहिलं. ती अक्कलकुव्याकडच्या आपल्या शाळेत परत गेली. अजून तिचा फोन येतो. ती माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचं विचारते. मी गुडघ्यांचंच सांगते.