हिरो वाळत घातला तो रविवार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे थांबवलंत की मला पुन्हा राग येतो. स्वतःचाच. दुसऱ्या कुणाचा येणार?

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी पारगावात शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सिनेमाची जुनी पोस्टरं जमवायचो. आमच्या कपाटात साड्या कमी आणि हिरॉइनी जास्त, असं सुनंदा, म्हणजे आमची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

जुन्नरची एक जुनी टॉकीज बंद पडली. मालक सलीमचाचा ओळखीचे. त्यांनी मला बोलावून हातानं रंगवलेला एक अख्खा कापडी बॅनर हवाली केला. काय सांगू राव, बंदूक रोखलेल्या हिरोची नुसती मिशीच आपल्या दरवाजाएवढी. टेम्पोत घालून मी तो मिरवत घरी आणला. उलगडला तर बुरशीचा असा भपकारा सुटला, की सुनंदानं नाकाला पदर लावला आणि पहिलं काय विचारलं, तर हे ठेवणार कुठं.

ठेवायच्या आधी वाळवायला हवा होता. अंगणात मावेना. मग रविवारी सकाळी गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडला. दार तेवढं सोडून पुढचं सगळं घर झाकलं. तळाशी ठळक अक्षरं होती, 'आजपासून रोज ३ खेळ'. ती मी वाचली, वळण काय सुंदर आहे असं म्हणालो, आणि जेवून झोपलो. आता याला शिकलेला माणूस म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

कालव्यानं जाग आली. बघतो तर अंगण भरलेलं. साखर कारखान्याला सफाईसाठी सुट्टी, त्यामुळे ऊसतोडीची माणसं बायकापोरांसकट आलेली. पोरांच्या तोंडाला पावडर, बायकांच्या केसात फुलं, बसायला बरोबर पोती. फाटकापाशी एकानं शेंगांची पाटीसुद्धा मांडलेली.

मी हात जोडून सांगितलं की ही टॉकीज नाही, माझं घर आहे, बॅनर वाळत घातलाय.

पुढं बसलेली म्हातारी म्हणाली, "बॅनर कोण वाळत घालतंय व्हय, मास्तर?"

कुणालाच पटेना. खरं सांगायचं तर बोलताना मलाही पटेना. मग ती म्हातारी जरा हळू आवाजात म्हणाली, "आमी तोडवाले म्हणून नाय म्हणता का? लेकरास्नी सांगून आणलंय."

संपलं. सुनंदानं माझ्याकडं असं बघितलं, की मी सायकल काढून थेट बाजारातला व्हिडिओवाला गाठला. बॅनरवरचा सिनेमा त्याच्याकडं नव्हता. होता तो एकच, देवाचा. म्हटलं, चल बाबा, देव तर देव.

त्यानं बाहेरच्या खोलीत टीव्ही मांडला आणि माणसं आत घुसली. पलंगावर, टेबलावर, खिडकीत, जिथं जागा तिथं माणूस. देव प्रकट झाले तशी कुरकुर सुरू. बाहेर बंदूकवाला लावायचा आणि आत भजन दाखवायचं, ही फसवणूक आहे, मास्तरानं असं करू नये, असं एकजण मलाच समजावून सांगत होता. तरी उठला कुणीच नाही. एवढी माणसं दारी आली, चहा तरी द्यायला हवा, म्हणून सुनंदानं मला दुधाला पिटाळलं.

चार गोठे फिरून भरलेली किटली घेऊन परत आलो, तर दारात मघाशी नसलेला एक दांडगा गडी आडवा हात लावून उभा. गर्दी आवरायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. मी म्हटलं, भाऊ, मला आत जाऊ द्या.

त्यानं मला खालून वर न्याहाळलं, मग किटलीकडं बघितलं.

"दूध ठिवा हितं, पावणं. मालकीणबाई घेतील. आत लई गर्दी हाय, जागा न्हाई."

काय करता? दूध ठेवलं आणि सिनेमा सुटेपर्यंत माझ्याच ओट्यावर लोकांच्या चपला राखत बसलो.