पोचल्याचा फोन येईपर्यंत

सुजाताचा फोन आला तेव्हा मी माईसाठी पेज शिजवत होते. आदल्या दिवशीच डॉक्टर म्हणाले होते, थोडी पातळ पेज द्यायला हरकत नाही. "काकी, आधी गॅस बंद कर," सुजाता म्हणाली. मी बंद केला. मग ती रडू लागली आणि मला कळलं.

माई म्हणजे माझी मोठी जाऊ आणि सुजाता तिची मुलगी, मुलुंडला दिलेली. माईचे आणि माझे यजमान गेल्यावर बोरीवलीच्या या खोलीत आम्ही दोघी जावाच उरलो. शेजारच्या सावंतकाकू विचारायच्या, तुम्ही दोघी भांडत कशा नाही? माई सांगायची, "भांडूक ही बोलूक नको? तोंड उघडलंन तर भांडण." ते खरंच होतं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. भाजीवाल्याशी, बँकेत, दवाखान्यात माझ्या वतीने माईच बोलायची, आणि मी तिच्यामागे पिशवी धरून उभी राहायची.

माईचे यजमान, माझे भावोजी, खासगी ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर होते. बोरीवलीहून मालवण आणि परत. कुणी घरातून प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही, ही रीत सगळ्यांकडे आहे. मयत उचलल्यावर घर झाडतात, म्हणून जिवंत माणसामागे झाडू फिरवायचा नाही. पण बाकीच्या बायका तासाभराने झाडू घेतात. माई पोचल्याचा फोन येईपर्यंत थांबायची. भावोजी मालवणला पोचून शेजाऱ्यांकडे फोन करत, तोवर घरात लसणाची सालं पडोत, पोरांनी चुरमुरे सांडोत, झाडू दाराआड. एकदा घाटात दरड आली आणि दुपार झाली, संध्याकाळ झाली तरी फोन नाही. माई उंबरठ्याशी बसून राहिली. मी नवी नवरी, मला घाण बघवेना, म्हणून हाताने कागद उचलायला गेले तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. फोन आला तेव्हा तिने "बरं" एवढंच म्हटलं, उठली आणि सगळं घर झाडून काढलं.

गेल्या वर्षी माईच्या हृदयाची झडप बिघडली. दोन जिने चढली तरी ओठ निळे पडायचे. ऑपरेशन केलं नाही तर फार दिवस नाहीत, आणि या वयात ऑपरेशनचीही खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सुजाता बाहेर येऊन रडली. माई मला म्हणाली, "चल, येताना कोथिंबीर घेऊया."

तेव्हाच टीव्हीवर त्या यानाच्या बातम्या सुरू झाल्या. एका खासगी कंपनीचं यान माणसांना घेऊन वर जाणार होतं, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर, आणि त्यात आपल्या देशाचा एक जण होता. माईला त्यातलं एकच कळलं, की गाडी खासगी आहे. मग ती रोज बातम्या लावून बसू लागली. आज सुटणार म्हणायचे आणि सुटायचं नाही. कधी वारा, कधी कुठेतरी गळती. "खासगीवाले सगळे सारखेच," माई म्हणायची, "बोर्डावर एक टाइम आणि सुटणार दुसऱ्याच टाइमाला." पण गळतीची बातमी आली तेव्हा हसली नाही. "थांबले ते बरं केलं. ब्रेक तपासल्याशिवाय आमचे हे घाटात गाडी घालायचे नाहीत."

इकडे तिचंही तसंच चाललं होतं. एक तारीख मिळाली तर ताप आला, दुसरी मिळाली तर साखर वाढली. प्रत्येक वेळी भरलेली पिशवी पुन्हा रिकामी करायची. दर खेपेला ती थोडी जास्त दमलेली असायची.

शेवटी दोन्ही एकाच वेळी ठरलं. माई हॉस्पिटलात दाखल झाली त्याच दुपारी यान सुटलं. वॉर्डात सुजाताने मोबाइल धरला, आम्ही तिघी पाहत होतो. आगीचा लोळ दिसला आणि माईने माझं मनगट घट्ट धरलं. यान दिसेनासं झाल्यावर म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत पोचतील ना? तोवर घरात केर काढू नको, वंदू. सावंतीणीला चावी दिली असशील तर तिलाही सांग."

"आई, तो आपल्या नात्यातला आहे का?" सुजाता म्हणाली.

"त्याला घर आहे ना? मग."

दुसऱ्या दिवशी तिला न्यायला आले तेव्हा ती मला म्हणाली, "दही आणलंस?" मी वाटी आणली होती, पण नर्स म्हणाली, "आजी, पाणीसुद्धा चालणार नाही."

"खाणार नाही गो बाय. नुसतं हातावर ठेवूदे तिला."

नर्सने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी माईच्या तळहातावर थेंबभर दही ठेवलं. तिने ते पाहिलं आणि हात पुढे केला, मी पदराने पुसला. मग ढकलगाडी गेली.

बाहेरच्या बाकांसमोर टीव्ही होता. त्यावर ते यान स्थानकाकडे चाललं होतं, इतकं हळू की चाललंय असं वाटतच नव्हतं. एका बाजूला तो टीव्ही, दुसऱ्या बाजूला ऑपरेशनचं दार. मी एकदा इकडे पाहायची, एकदा तिकडे. मध्येच यान थांबलं. "बिघडलं का गं?" मी सुजाताला विचारलं. "नाही काकी, मुद्दाम थांबतात. सगळं तपासून मग पुढे." ती टीव्हीकडे बघत नव्हती. ठरलेली वेळ होऊन गेली तरी दार उघडलं नव्हतं. यान पुन्हा हललं, स्थानकाला टेकलं. तिकडे टाळ्या वाजत होत्या, आणि आमचं दार बंदच.

खूप वेळाने डॉक्टर आले आणि म्हणाले, झालं, आता बघू.

माई शुद्धीवर आली तेव्हा तोंडात नळी होती. मला आत सोडलं. तिने डोळ्यांनी विचारलं. "पोचले, माई. सगळे पोचले." तिने डोळे मिटले. पुढे नळी काढली, दोन घोट पाणी प्याली, हळू आवाजात मला रागावली की केस विंचरले नाहीस. मग एका सकाळी मूत्रपिंडं थकली, आणि माझी पेज गॅसवरच राहिली.

माईला घरी आणलं आणि नेलं. माणसं जिन्याखाली उतरली तशी सावंतकाकूंनी माझ्या हातात झाडू दिला. "काढ गं केर. घर तसं ठेवू नये." खोलीत दहा-बारा बायका होत्या. मी झाडू धरून माईच्या खाटेपाशी उभी राहिले. खाटेखाली लसणाची सालं होती, तिच्या गोळ्यांचं चुरगळलेलं पाकीट होतं, हॉस्पिटलला निघाली तेव्हाचं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"इथला नाही काढणार. बाकीचा तुम्ही काढा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मग काकूंनीच माझ्या हातातून झाडू घेतला, सगळी खोली झाडली, आणि खाटेपाशी येऊन थांबल्या.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. खाटेखालचं तसंच होतं. सुजाता आली की बघून जायची. एका दुपारी तिचा फोन आला. "काकी, ते लोक परत आले. समुद्रात उतरलं यान. सगळे बरे आहेत." मी "बरं" म्हटलं. मग ती म्हणाली, "आईचा फोन येणार नाही, काकी... आता काढशील का तू?"

मी फोन ठेवला आणि खाट सरकवली. सगळं सुपलीत भरलं.

परवा सुजाता आली होती, संध्याकाळी मुलुंडला निघाली. ती जिना उतरली तसा मी झाडू दाराआड ठेवला. चहाची पत्ती सांडली होती, ती राहू दिली. खाटेवर बसून राहिले. अंधार पडू लागला तेव्हा फोन वाजला.

"काकी, पोचले गं मी."

आजवर तिने कधी असा फोन केला नव्हता.