न चाखलेला स्वयंपाक

चंद्रमती कुंभकोणमहून लग्न होऊन या मळ्यावर आली, तेव्हा सासूने तिला पहिल्याच दिवशी बजावलं, देवाला दाखवल्याशिवाय चुलीवरचं काही जिभेला लावायचं नाही. मग मीठ बरोबर पडलंय की नाही हे कसं कळणार, असं नव्या सुनेने भीतभीत विचारलं. सासूने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला.

वर्ष-दोन वर्षांत चंद्रमतीला ते साधलंही. रसमच्या वाफेवरून तिला मीठ कळे, चिंच वरचढ झालेली कळे, आणि दूध नासायच्या बेतात असलं तर घरात सगळ्यांच्या आधी तिला कळे. तिचा नवरा वेंकटराव चेष्टेने म्हणे, हिच्या नाकापुढे मांजराचीही धडगत नाही. जेवताना मात्र तो मान वर करत नसे. नावं ठेवायला जागाच नसे, तर बोलणार काय?

मळा तंजावूर-ओरत्तनाडु रस्त्यावरून आत, कालव्याच्या कडेला. तंजावूरवर मराठी राजे होते तेव्हा राणीच्या छत्रात वाटसरूंना फुकट जेवण मिळे, त्या छत्राला तांदूळ पुरवायचा म्हणून ही जमीन या मराठी घराण्याला मिळाली, असं घरची माणसं सांगतात. कागद कोणी पाहिलेला नाही, पण सांगताना कोणी अडखळतही नाही. आता साईराम, म्हणजे चंद्रमतीचा मुलगा, तंजावूरला कॉलेजात शिकवतो आणि मळ्याचं सारं पाहते ती त्याची बायको रम्या. जुन्या कोठाराच्या पाहुण्यांसाठी खोल्या करायच्या ही कल्पना तिचीच. वेबसाइटवर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, आमच्याकडे स्वयंपाक कोणी चाखून पाहत नाही. आधी देव, मग तुम्ही. लोकांना ते भलतंच आवडलं. चेन्नईहून, बंगळूरहून माणसं येऊ लागली, केळीच्या पानावर बसू लागली, आणि जेवून उठली की स्वयंपाकघरात डोकावून चंद्रमतीचा फोटो काढू लागली.

पोंगल झाला आणि चंद्रमतीला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, हिंग जुना झालाय. मग तिने कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं, कापूर हुंगला, शेवटी कोणी नाही असं पाहून गोठ्यात जाऊन उभी राहिली. काही नाही. जिभेचंही तेच, गूळ तोंडात धरला तर ओल्या मातीचा खडा धरल्यासारखा लागे.

कोणाला सांगावं तर पाहुण्यांच्या खोल्या पुढचे कित्येक आठवडे भरलेल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांचं निमित्तच होतं. या घरात तिला जी काही किंमत होती ती त्या नाकामुळे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नाक गेलं म्हणजे स्वयंपाकघर गेलं, आणि स्वयंपाकघर गेल्यावर आपण ओसरीवर बसून काय करायचं, माशा मारायच्या? म्हणून ती गप्प राहिली. रम्याला पाचवा महिना होता, फोडणीच्या वासाने तिला उमळून येई, त्यामुळे ती नाकाला पदर लावून स्वयंपाकघरापासून लांबच असे. चंद्रमतीला ते सोयीचंच पडलं.

पण भीती बसली ती बसलीच. शेगडी पेटवण्याआधी ती नळी दोनदोनदा तपासे, कारण गॅस सुटला असता तरी तिला कळलं नसतं. नारळ फोडला की तो खवट तर नाही ना म्हणून ती उन्हात धरून न्याहाळत बसे. सगळं सवयीच्या मापाने घाली आणि देवाच्या भरवशावर सोडी. नैवेद्य झाला की भिंतीवर कावळ्याला घास ठेवायचा, ही रोजचीच रीत. आता त्या घासात ती पानातल्या सगळ्या पदार्थांचं थोडंथोडं घालू लागली. कावळ्याने चोच मारून सगळं संपवलं की तिचा जीव भांड्यात पडे आणि मग ती पाहुण्यांची पानं वाढायला घेई. कावळ्याला चाखायला नेमणं कोणत्या शास्त्रात बसतं ते तिलाच ठाऊक.

एके दिवशी चेन्नईचं एक जोडपं आलं होतं, बरोबर त्यांची लहानगी जननी. चंद्रमतीने सकाळीच नवऱ्याला तेलाचं भांडं भरून द्यायला सांगितलं. त्याने ते भरून ठेवलं आणि कापणीचं यंत्र आलं म्हणून घाईने शेतावर गेला. तिने सांबाराला फोडणी दिली, बटाटे परतले, वांगी तळली. सगळं उरकून मागच्या पडवीत आली, तर तिळाच्या तेलाचा डबा असायचा त्या जागी दुसराच डबा. झाकणावर वेंकटरावने खडूने फुली मारलेली. रोपांवर फवारायला कडुलिंबाचं तेल आणतात, त्याचा.

 या तेलाने मागे शेजारच्या गावात एक पोर दगावलं होतं. आईने खोकल्यावर घरगुती औषध म्हणून पाजलं होतं म्हणे. तिने भांड्यातलं तेल उजेडात धरलं. घाण्यावरचं तिळाचं तेलही गडदच असतं, पितळेत कोणतं काय ते ओळखू येईना. नवऱ्याला फोन लावला, तर त्याचा फोन ओसरीवरच्या झोपाळ्यावर वाजला.

नैवेद्य अजून व्हायचा होता. चंद्रमतीने देवघराकडे पाठ केली, बोट तेलात बुडवलं आणि तोंडात घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डोळे मिटून ती वाट पाहत राहिली, कडू लागेल, नाहीतर गोडसर लागेल. काहीच लागलं नाही. पाप पदरात पडलं आणि हाती धुपाटणंही आलं नाही.

कडुलिंबाचं असतं तर घरभर उग्र वास सुटला असता, मग पाहुणे बोलले नसते का, असं तिने स्वतःला समजावलं. पण या शहरी लोकांचा काय नेम! शेणाच्या वासालाही ते पारंपरिक म्हणत आणि डोळे मिटून तो छातीत भरून घेत. भांडी चुकून उलथली असं दाखवावं का? एक उलथेल, सगळी कशी उलथणार? विचार करता करता तिने नैवेद्य दाखवला, घास भिंतीवर ठेवला आणि कावकाव करून हाक दिली. एकही कावळा फिरकला नाही. सगळे यंत्रामागे उघडे पडलेले किडे टिपायला शेतात गेले होते.

"अम्मा, ते बसलेत की! होऊ द्या लवकर," रम्याने ओसरीवरून हाक मारली.

चंद्रमतीने वाढलं. हात सवयीने चालत होते. भात, त्यावर सांबार, कडेला वांगी. जननीच्या आईने भात कालवला, लहान घास केला आणि पोरीच्या तोंडाजवळ नेला. पोरीने आ केला.

चंद्रमतीने त्या बाईचा हात धरला. इतका घट्ट, की घास पानावर सांडला.

"नको," ती तमिळमध्ये म्हणाली. "देऊ नका. तेल कोणतं पडलंय मला माहीत नाही. मला वास येत नाही."

बाईने पोरीला ओढून मांडीवर घेतलं. बाप उभा राहिला. रम्या पदर नाकावरून काढून तरातरा आत गेली, तेलाच्या भांड्यावर वाकली, मग प्रत्येक पातेल्यावर वाकली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण ते फोडणीच्या वासाने.

"तिळाचंच आहे," ती पाहुण्यांना म्हणाली. "वाईट काही नाही. तिळाचा डबा संपला म्हणून सासऱ्यांनी हलवला असेल आणि जाता जाता फवारणीचा तिथे टेकवला असेल."

पण ती आई पुन्हा पानाला हात लावेना. तिची चूक कोण म्हणेल? ती पोरीला घेऊन खोलीत गेली आणि नवराही मागोमाग गेला. ओसरीवर पानं तशीच राहिली.

"केव्हापासून?" रम्याने विचारलं. आता ती घरच्या मराठीत बोलत होती.

"पोंगल झाल्यापासून."

"आणि आज कसाला सांगितलांत?"

चंद्रमतीला खोटं बोलता आलं असतं. तिच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. "पोर बसलं होतं की गे पानावर. अस्की सगळी मोठीच माणसं असती तर मी गप्प बसलें असतें."

 रम्याचा एक हात पोटावर होता.

"मी रोज तुमच्याच हातचं जेवतें, अम्मा."

ती हे रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच ते चंद्रमतीला जास्त लागलं. इतके दिवस ती भ्याली होती ती पाहुण्यांना, बोलण्यांना, ओसरीवर रिकामं बसण्याला. दोन्ही वेळा पान मांडून समोर बसणाऱ्या या पोरीसाठी आणि तिच्या पोटातल्या जिवासाठी ती एकदाही भ्याली नव्हती. ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"चुकलें मी," ती म्हणाली.

रम्याने जननीचं पान उचलून बाजूला केलं, नवं पान मांडलं आणि भिंतीला टेकून सावकाश खाली बसली.

"वाढा," ती म्हणाली.

चंद्रमतीने भात वाढला. त्यावर डावाने सांबार घातलं. रम्याने नाक मुठीत धरून पहिला घास घेतला, गिळला, दुसरा घेतला. चंद्रमती डाव हातात घेऊन तिथेच उभी राहिली. पान संपेपर्यंत तिची नजर रम्याच्या तोंडावरून हलली नाही.