पांढऱ्या गाडीचा आधीचा मालक

दातवाल्यांना सगळे दातवाले म्हणत, पण ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात. दातवाले डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यांवरून कवळ्या घडवत. त्यांची खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होती. खिडकीत प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले असत आणि बारीक मोटरीची घरघर दिवसभर चालू असे. शहरातली बरीच मंडळी त्यांनी केलेले दात दाखवून हसत, पण त्यातल्या कोणी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता. याचं त्यांना वाईट वाटत नसे. त्यांना ओळखणारी माणसं वेगळीच होती, आणि तीही चेहऱ्याने ओळखत नसत.

दातवाल्यांकडे एक जुनी पांढरी जपानी गाडी होती, दोन दारांची. कंपनीतून कोरी आणली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती, पण दातवाल्यांनी तिला तशी राहू दिली नाही. स्प्रिंगा बदलून ती इतकी खाली आणली की गतिरोधक आला की ते श्वास धरत. चाकं रुंद बसवली, सायलेन्सर मोठा लावला, आणि सीट शर्यतीच्या गाडीतली, विहिरीसारखी खोल. बायको त्या गाडीत बसायची म्हणजे आधी पाय आत जात, मग कंबर, आणि मग तक्रार बाहेर येई.

"माझ्याआधीच सवत आणलीत ती आणलीत," ती म्हणायची, "निदान शेजारी बसता येईल अशी तरी बघायची."

"हळू बोल, ती ऐकते."

"ऐकू दे की. माझं नाही तरी कोण ऐकतं?"

शहरात अशा, मालकांनी हौसेने बदललेल्या जपानी गाड्या मोजक्याच होत्या. एक निळी होती, तिचा आवाज आधी येई आणि गाडी मागाहून. एक तपकिरी होती, ती रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त दिसे. आणि एक हिरवी. मालकांची नावं कोणी कोणाला विचारली नव्हती. गाडीच्या रंगावरून माणसाला नाव पडे: निळा, तपकिरी, हिरवा. दातवाले अर्थातच पांढरा. समोरून आपल्यातली गाडी आली की दिव्यांचा डिपर दोनदा मारायचा. समोरच्यानेही दोनदा मारायचा. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, घरचे कसे आहेत विचारायचं नाही. इतक्या कमी त्रासाची मैत्री दातवाल्यांना दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांनी शोधलीही नव्हती.

नियम एकच होता, पण कडक. कंपनीतून आली तशी गाडी चालवणाऱ्याला डिपर नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हतं. असे नियम माणसं फार काटेकोरपणे पाळतात.

हिरवा मात्र दातवाल्यांच्या खास जवळचा. सकाळी कामावर जाताना दोघांची पुलावर गाठ पडे, एक येताना, एक जाताना. गाडीला काही नवं बसवलं की हिरवा जरा हळू होई, पांढऱ्याला नीट पाहता यावं म्हणून. पांढराही तसंच करी. एकदा दातवाल्यांनी नवी चाकं चढवली, तर हिरव्याने नियम मोडून तीनदा डिपर मारला. त्या दिवशी दातवाले घरी शीळ घालत शिरले.

"कोणाला बत्तीशी नीट बसली वाटतं," बायको म्हणाली.

"तसंच समज."

तिला काय सांगणार? की नाव माहीत नसलेल्या, चेहरा न पाहिलेल्या एका माणसाला आपली चाकं आवडली?

आणि मग एका सकाळी पुलावर हिरवी गाडी आली ती उंच होऊन. स्प्रिंगा मूळच्या, चाकं मूळची, अरुंद. सायलेन्सर गप्प. आतली खोल सीट जाऊन तिथे साधी सपाट सीट आलेली, वर उशी. पक्ष बदललेला पुढारी जसा दुसऱ्या दिवशी त्याच चौकात उजळ माथ्याने हिंडतो, तशी ती गाडी समोरून आली आणि तिने नेहमीसारखा दोनदा डिपर मारला.

दातवाल्यांचा हात डिपरच्या दांडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी मान वळवून नदीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. हिवाळाभर हिरवा डिपर मारत राहिला आणि हिवाळाभर पांढरा नदी पाहत राहिला. त्या नदीची इतकी बारीक पाहणी पाटबंधारे खात्यानेही कधी केली नसेल.

"नरमला," दातवाले घरी म्हणाले. "बायकोने सांगितलं असणार, याने ऐकलं. सगळी गाडी होती तशी करून टाकली."

"बरी दिसतेय हो बाई."

"कोण?"

"त्याची बायको."

पुढे कधीतरी हिरव्याने डिपर मारणं सोडलं. सरळ समोर पाहत तो निघून जाऊ लागला. दातवाल्यांना हायसं वाटायला हवं होतं. पुलावर पोचायच्या आधीच ते गाडी हळू करू लागले, एवढंच झालं.

एके दुपारी डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं. एक पेशंट पडला होता, त्याचा पुढचा दात तुटला होता आणि नव्या दाताचा रंग काही केल्या जुळत नव्हता. दातवाले आपली रंगांची पट्टी, म्हणजे एका ओळीत बसवलेले निरनिराळ्या छटांचे नमुन्याचे दात, घेऊन चालत गेले. रंग दिव्याखाली पाहून चालत नाही, म्हणून त्यांनी पेशंटला खिडकीशी उभं केलं. उंच माणूस, हातात काठी, कंबरेला रुंद पट्टा. खाली वाकायचं तर सगळा एकदमच वाकणारा.

खिडकीखाली हिरवी गाडी उभी होती.

"ती तुमची?" दातवाल्यांनी विचारलं. पट्टी त्यांच्या हातातच राहिली.

"हो. तुम्हाला नाद आहे गाड्यांचा?"

"थोडाफार. ती खाली होती ना पूर्वी?"

"बघितली होती तुम्ही?" माणूस तुटक्या दातासकट हसला. "मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, खोल सीटवर बसलात तर उचलायला माणसं लागतील. विका म्हणाले. आमची ही तर म्हणत होती, सीट ठेवा, मी उतरवेन तुम्हाला हाताला धरून. पण तिचीही कंबर काय लोखंडाची आहे? म्हणून उंच केली. विकली नाही."

"का नाही विकली?"

"मग रस्त्यात आपल्याला ओळखणार कोण हो?"

दातवाल्यांनी एक नमुना त्याच्या दातांशी लावला. जुळत नव्हता. तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"एक पांढरा होता," पट्टी बाजूला झाल्यावर माणूस पुढे बोलू लागला. "पुलावर भेटायचा रोज. गाडी उंच झाली तरी मी आपला डिपर मारायचो. म्हटलं, बाकीचे नाही देणार, हा देईल. पण नाही दिला. बरेच दिवस वाट पाहिली. मग लक्षात आलं."

"काय?"

"तो नाहीच तो. गाडी तीच, आत माणूस दुसरा. पांढऱ्याने विकली असणार, नाहीतर गेला बिचारा. तो असता तर असं तोंड फिरवलं नसतं. तुमच्या कानावर आलंय का काही?"

डॉक्टर मागे हात धूत होते. नळ वाहत होता. दातवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. मी पांढरा, एवढे दोनच शब्द होते. पण ते बोलायचे तर या माणसाच्या मनातला तो भला पांढरा त्याच्यासमोरच मारावा लागला असता.

"विकली असं ऐकलं होतं," ते म्हणाले.

"वाटलंच मला."

दात त्यांनी असा केला की डॉक्टरांनाही शोधून काढावा लागला. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

त्यानंतर पुलावर ते नदीकडे पाहत नसत. समोर पाहत. पण डिपर मारायची सोय उरली नव्हती; तो मारणारा माणूस त्यांनीच विकून टाकला होता.

पुढे एकदा सिग्नलला ते थांबले असताना हिरवी गाडी शेजारी येऊन उभी राहिली. बायको बाजूला बसली होती. हिरव्याने या गाडीत कोण बसतं ते पाहायला मान वळवली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने काच खाली केली. नवा दात छान दिसत होता.

"अहो, तुम्ही घेतलीत होय ही? त्या दिवशी बोलला नाहीत ते."

दातवाल्यांनी मान डोलावली.

"नीट सांभाळा. आधीचा फार भला माणूस होता."

"असं ऐकून आहे," दातवाले म्हणाले.

सिग्नल सुटला. हिरवा पुढे गेला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा दातवाल्यांनी गिअर टाकला.

"आधीचा म्हणजे कोण?" बायकोने विचारलं. "गाडी तर लग्नाआधीपासून तुमच्याकडेच आहे."

"होता एक," ते म्हणाले.